दगडापासून यंत्रापर्यंत

साम्राज्ये कशी उभी राहिली व कशी कोसळली, हे आपल्या मुलांना शाळेत शिकविले जाते. त्या साम्राज्यांतील माणसांचे कपडे कोणी धुतले, हे मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळत नाही. आज धर्मग्रामात कोणाचे नवे घर आशीर्वादित करावयास जावे, तर मोरीच्या कोपऱ्यात कपडे धुण्याचे यंत्र बहुधा दिसतेच. ते तेथवर कसे आले, याचा थोडा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

या इतिहासाच्या आरंभीच एक धर्मोपदेशक भेटतात, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. याकोब क्रिस्टियान शेफर (१७१८-१७९०) हे जर्मनीतील रेगेन्सबुर्ग नगरीतील प्रोटेस्टंट पाळक. कीटक, पक्षी व अळंबी यांचे ते अभ्यासक. चिंध्यांचा तुटवडा पडतो म्हणून गांधीलमाश्यांच्या घरट्यांपासून कागद करून पाहण्याचाही त्यांनी उद्योग केला. १७६७ च्या सुमारास त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्रावर पुस्तिका प्रसिद्ध केली. झाकणाचे लाकडी पिंप आणि आत हाताने फिरवायची घुसळणी, अशी त्याची रचना. ताकाच्या रवीची आठवण व्हावी! इंग्लंडातील एका मासिकाने १७५२ सालीच असे एक यंत्र छापले होते, तेव्हा शेफर यांना आद्य संशोधक म्हणता येणार नाही. तरीही प्रवचन देणाऱ्या माणसाने घरच्या धुण्याकडे इतक्या गांभीर्याने पाहावे, हे तेव्हाही विरळा होते आणि आजही आहेच.

परंतु घुसळणी फिरवायला हात लागतच होते. पाणी आणणे, तापविणे, ओतणे, पिळणे, वाळत घालणे यांपैकी कशातूनही सुटका नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्राला विजेची मोटर जोडली गेली. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीचे स्वयंचलित यंत्र आले. ते थरथरून जागचे हलू नये म्हणून जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे. आमच्या मते खरी क्रांती त्या पेटीत नव्हतीच. ती घरात आलेल्या नळात आणि विजेच्या तारेत होती.

तोवर ज्यांना परवडे, ते कपडे बाहेर धुण्यास देत. आपल्या गावगाड्यात हे काम बलुतेदार परिटाकडे असे; युरोपात मोठमोठ्या लॉन्ड्र्या असत. येथे आयर्लंडचा उल्लेख टाळणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तेथील मॅग्डलेन लॉन्ड्र्या धर्मभगिनींच्या संस्था चालवीत. अविवाहित माता, अनाथ व निराधार मुली यांना तेथे ठेवून घेऊन, हॉटेले आणि रुग्णालये यांचे कपडे त्यांच्याकडून विनावेतन धुऊन घेतले जात. १९२२ ते १९९६ या काळात अशा सुमारे दहा हजार स्त्रिया तेथे होत्या, असे २०१३ च्या सरकारी अहवालात नमूद आहे. त्याच वर्षी तेथील पंतप्रधानांनी संसदेत त्यांची क्षमा मागितली. शेवटची लॉन्ड्री १९९६ साली बंद पडली. घरोघरी यंत्रे आल्याने या लॉन्ड्र्यांचे काम घटले, हे त्यांच्या ऱ्हासाचे एक कारण सांगितले जाते. पवित्र नाव धारण केलेल्या भिंतींआडून त्या स्त्रियांची वाट काही अंशी एका यंत्राने मोकळी केली, हे वाचताना आम्हां धर्मगुरूंची मान खाली जाते.

८ मार्च २००९ रोजी व्हॅटिकनच्या 'लोसेर्व्हातोरे रोमानो' या वृत्तपत्राने स्त्रीमुक्तीचे मोठे श्रेय धुलाई यंत्राला देणारा लेख छापला. त्यावर बरीच थट्टा झाली. आम्हांस तो लेख अर्धा खरा वाटतो. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात दुसरा अर्धा भाग दाखविला आहे: जे धुणे धोबिणीकडे वा लॉन्ड्रीत जाई, ते यंत्रामुळे घरी परतले आणि एकट्या आईच्या वाट्याला आले. शिवाय स्वच्छतेची अपेक्षा वाढली. आठवड्याने बदलायचा सदरा रोज बदलू लागला.

आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही यंत्रे मध्यमवर्गीय घरांत शिरू लागली. तत्पूर्वी वसईच्या पट्ट्यात विहिरीचा काठ वा बावखलाचा दगड हेच धुण्याचे ठिकाण. तेथे कंबर मोडे, पण बायकांना चार शब्द बोलायलाही मिळत. यंत्र आले आणि गप्पा सरल्या. तरी परत दगडावर जायला कोणी तयार होईल असे आम्हांस वाटत नाही. दुकानात पुरुषमंडळी किंमत आणि हमीची वर्षे विचारतात. नळाला पाणी किती वेळ येते, हे गृहिणीच विचारते. म्हणूनच दोन कप्प्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र पुष्कळ घरांत टिकून आहे. नळ कोरडा असला तरी ते बादलीने भरता येते. कपडे एका कप्प्यातून दुसऱ्यात मात्र हातानेच टाकावे लागतात. ते कोण टाकतो, असे आम्ही घर आशीर्वादित करताना आता मुलग्यांना विचारू लागलो आहोत. उत्तर बहुधा स्वयंपाकघरातून आईच देते.