सरकींतील वर आणि शाप

आपल्या वऱ्हाडांत सरकी म्हणजे दुभत्या जनावरांचा खुराक, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु ह्याच सरकीनें चीन देशांतील एका खेड्याचे पाळणे रिकामे ठेविले होते, हें थोड्यांच्याच कानीं आलें असेल. जियांगसू प्रांतांतील ह्या खेड्यांत वर्षानुवर्षें मूल जन्मास येईना. लिऊ बाओशान ह्यांनीं १९५७ सालीं त्याचा संबंध कच्च्या सरकीच्या तेलाशीं जोडला. सरकी शिजवून मग घाण्यांत घातली तर तींतील बाधक द्रव्य बहुतांशीं निष्प्रभ होतें. कच्च्या सरकीच्या तेलांत तें तसेंच उतरतें. ह्या द्रव्यास मार्क्लेव्हस्की ह्या रसायनज्ञानें १८९९ सालीं गॉसिपॉल असें नांव दिलें होतें.

जो शाप, तोच संततिनियमनासाठीं वर कां न व्हावा, असें चिनी संशोधकांस वाटलें. १९७२ सालीं मनुष्यांवर प्रयोग सुरू झाले, आणि पुढें आठ हजारांहून अधिक पुरुषांनीं ह्या गोळ्या घेतल्या. शंभरांपैकीं नव्व्याण्णवांचे शुक्रजंतू इच्छेप्रमाणें घटले. हा आंकडा पाहून कोणाचेहि डोळे दिपावे.

परंतु सर्व प्राण्यांची प्रकृति एक नसते. सशास ह्या द्रव्यानें वंध्यत्व येत नाहीं, उंदरास येतें, कुत्र्याचें तर हृदयच बिघडतें. पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून मनुष्याच्या जवळच्या माकडांवर सविस्तर परीक्षा झाल्या त्या १९८० नंतर. तोंवर हजारों पुरुष गोळ्या घेऊन चुकले होते. त्यांपैकीं कांहींच्या रक्तांतील पोटॅशियम उतरून हातपाय लुळे पडले. असे लोक शंभरांत एकाहूनहि कमी. पण गोळ्या थांबविल्यावरहि ज्यांचे शुक्रजंतू परत आले नाहींत, ते दहांत एक तरी निघाले. गॉसिपॉलचीं रूपें दोन, बिंबप्रतिबिंबासारखीं. त्यांतील वंध्यत्व आणणारें रूपच अधिक विषारी ठरलें. गुण ठेवून दोष गाळण्याची आशा त्यामुळें मावळली.

१९८६ सालीं चीननें हे प्रयोग थांबविले, आणि १९९८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनींहि हा मार्ग सोडावा असें सांगितलें. ह्यांत विज्ञानाचा पराभव मानण्याचें कारण नाहीं. चूक दिसतांच हात आंवरणें हाहि विज्ञानाचाच धर्म होय. रोगी मनुष्य मोठें संकट टाळण्यासाठीं लहान संकट पत्करतो. परंतु धडधाकट मनुष्यानें तें काय म्हणून पत्करावें? निरोग्याच्या हातीं द्यावयाच्या औषधाची कसोटी अधिक कठोर हवी, हें ज्यांचा पाळणा पुन्हां हलला नाहीं त्यांनीं जगास शिकविलें.