चाकावरची काळी भुकटी : ब्रेकच्या धुळीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

१/ पिकअप ट्रक कितीही स्वच्छ धुतला, तरी काही दिवसांत त्याच्या पुढच्या चाकांच्या रिमवर काळसर भुकटी पुन्हा बसते. पुष्कळजण तिला रस्त्यावरची धूळ समजतात. वस्तुतः ती ब्रेकची झीज असते. ही झीज कशाची होती आणि ती कोणाच्या फुप्फुसांत गेली, याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ ब्रेक लावताच वाहनाच्या गतीचे घर्षणाने उष्णतेत रूपांतर होते. त्यात ब्रेक पॅड झिजतो आणि बिडाची डिस्कही झिजते. थांबताना वजन पुढे झुकत असल्याने पुढच्या ब्रेकवर अधिक ताण येतो. लोखंडाचे तापलेले कण रिमला चिकटतात आणि ओल लागताच गंजतात. म्हणून काळ्या थरात तपकिरी छटा दिसते.

३/ आरंभ चामड्याने झाला. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन पतीने बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या. उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेक लायनरची सुरुवात अनेकदा या प्रसंगापासून सांगितली जाते.

४/ पुढची पायरी इंग्लंडमधील डर्बीशायरची. तेथील डोंगराळ रस्त्यांवर घोडागाडीवाले उतरताना ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटांचे तुकडे लावत. हे पाहून हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये चॅपल-एन-ल-फ्रिथ येथे टिकाऊ लायनर बनवण्याचा उद्योग सुरू केला. ‘फेरोडो’ या नावात त्यांच्या आडनावाचीच अक्षरे फिरवलेली आहेत.

५/ मोटारी वेगवान झाल्या तसे सुती लायनर जळू लागले. १९०८ मध्ये फ्रूड यांनी ॲस्बेस्टॉसकडे मोर्चा वळवला. हे खनिज तंतुमय असल्याने विणता येई, सहज जळत नसे आणि स्वस्तही होते. पुढची अनेक दशके जगभरच्या ट्रक-मोटारींच्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉसचे राज्य राहिले.

६/ त्याची किंमत प्रथम कारखान्यात दिसली. रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत कातणाऱ्या नेली कर्शॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३व्या वर्षी मरण पावल्या. डॉ. विल्यम कुक यांनी त्यांच्या फुप्फुसांतील खनिजकणांचे वर्णन त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. फेरोडो कंपनी पुढे याच टर्नर समूहात सामील झाली.

७/ १९३० मध्ये मेरीवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. त्यांनी तपासलेल्या ॲस्बेस्टॉस कामगारांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांची फुप्फुसे तंतुमय होऊन कडक झालेली आढळली. १९३१ मध्ये नियम झाले, पण ते कारखान्यांतील धूळ निर्माण करणाऱ्या ठरावीक प्रक्रियांपुरते. तोच लायनर गॅरेजमध्ये पोहोचला की नियमांचे संरक्षण संपे.

८/ त्या काळचे ब्रेक ड्रमचे होते. झिजलेली भुकटी बंद ड्रमच्या पोटात साठे, त्यामुळे रिम स्वच्छ दिसे आणि मालकाला तक्रारीचे कारण नसे. ड्रम उघडण्याचे काम मेकॅनिकचे. तो कॉम्प्रेसरच्या हवेने भुकटी उडवून देई, नवा लायनर नीट बसावा म्हणून घासून घेई, आणि ते तंतू त्याच्या नाकातोंडात जात.

९/ या धोक्याच्या प्रमाणावर पुढे दीर्घ वाद झाला. ब्रेकच्या उष्णतेने बहुतांश ॲस्बेस्टॉसचे दुसऱ्या खनिजात रूपांतर होते, हे उत्पादकांचे म्हणणे निराधार नव्हते. मात्र नवा लायनर घासताना असे रूपांतर झालेले नसते. त्यातच मेसोथेलिओमा हा कर्करोग संपर्कानंतर बहुधा काही दशकांनी प्रकट होतो. तोवर कारण आणि परिणाम यांचा धागा जोडणे कठीण होऊन बसते.

१०/ मधल्या काळात धूळ उघड्यावर आली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. १९५३ मध्ये ‘ल माँ’ची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वारने त्याची क्षमता सिद्ध केली. १९७१ पासून शेवरले पिकअपच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक सर्रास मिळू लागले. डिस्क उघडी असते, म्हणून झीज थेट रिमवर येऊन बसते. मालकाच्या नजरेस धूळ आली ती अशी.

११/ कायदा मात्र अडखळत चालला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ मध्ये घातलेली व्यापक ॲस्बेस्टॉस-बंदी १९९१ मध्ये न्यायालयाने बव्हंशी रद्द केली. १९९४ च्या नियमांनी गॅरेजमध्ये ॲस्बेस्टॉसची भुकटी हवेने उडवण्याऐवजी ओल्या पद्धतीने किंवा बंदिस्त यंत्राने काढण्याचा आग्रह धरला. सुट्या विकल्या जाणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या ब्रेकवर अमेरिकेने बंदी जाहीर केली ती थेट मार्च २०२४ मध्ये.

१२/ या इतिहासाचा एक धागा मुंबईतही आहे. घाटकोपरला ‘हिंदुस्थान फेरोडो’चा कारखाना होता आणि तेथे ब्रेक लायनर बनत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क मानला आणि त्यांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. विलंबाने उमटणाऱ्या आजारासाठी ही मुदत समर्पक होती.

१३/ ॲस्बेस्टॉसला पर्याय म्हणून पोलाद आणि तांबे यांचे मिश्रण असलेले पॅड आले. मग तांब्याची भुकटी पावसासोबत ओढ्या-नद्यांत उतरू लागली. विरघळलेले तांबे सॅमन माशांची गंधशक्ती बिघडवते आणि शत्रूची चाहूल त्यांना लागत नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया राज्यांनी कायदे केले. त्यानुसार कॅलिफोर्नियात तांब्याची मर्यादा २०२१ पासून ५ टक्के, तर २०२५ पासून ०.५ टक्का.

१४/ युरोपने २०२४ मध्ये स्वीकारलेल्या ‘युरो ७’ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा आली : साध्या इंजिनाच्या मोटारींसाठी किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, बॅटरीवरच्या मोटारींसाठी ३. धुराड्याचा धूर मोजणाऱ्या कायद्याला चाकापाशी पोहोचायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

१५/ आता पुन्हा पिकअपच्या चाकाकडे. रिम थंड असताना पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने पुसणे उत्तम. कोरडा ब्रश आणि हवेचा झोत टाळावा. हा सल्ला साधा वाटतो, पण तो गॅरेजमधल्या मेकॅनिकांच्या पिढ्यांनी श्वासागणिक मोजलेल्या किमतीतून आला आहे. जुन्या वाहनाचा ड्रम उघडण्याचे काम ज्याच्यावर सोपवले जाते, त्याच्या हाती ओले फडके आणि तोंडावर योग्य मास्क असणे, एवढे तरी या सव्वाशे वर्षांनी शिकवले आहे.