नेम लागला, हे कोणी ठरवायचे?

जत्रेतला फुगे फोडायचा स्टॉल आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. छऱ्याची बंदूक, फळीवर ओळीने टाचलेले फुगे आणि मोजून दिलेले छरे. फुगा फुटला की नेम लागला. त्यावर वाद घालायला जागा नसते. (बंदुकीची नळी मुद्दाम किंचित वाकवलेली असते, असा माझा जुना संशय आहे. पण तो वेगळा विषय.)

आता छरा काढून टाका, फुगाही काढून टाका आणि नेम धरणाऱ्याला चालत्या गाडीत बसवा. १९९८ साली अमेरिकेत फ्लॉरिडातील डिस्नेच्या ‘मॅजिक किंग्डम’ या उद्यानात ‘बझ लाइटयिअर्स स्पेस रेंजर स्पिन’ ही सफर सुरू झाली, ती नेमकी अशी होती. अंधाऱ्या इमारतीतून छोट्या गाड्यांची साखळी सरकत राहते. गाडीत दोन बंदुका. दांडा फिरवून गाडी हवी तिकडे वळवता येते. चाप ओढला की समोर लाल ठिपका पडतो, तो लक्ष्यावर असेल तर गुण वाढतात आणि शेजाऱ्याचे गुण वेगळे मोजले जातात. लक्ष्याला तर ओरखडाही उठत नाही. मग नेम लागला हे कोणी ठरवले, आणि तो तुमचा की शेजाऱ्याचा, हे कसे कळले?

उत्तरासाठी बरेच मागे जावे लागेल, कारण या सफरीत दोन जुने खेळ एकत्र आले आहेत. पहिला अंधारातल्या गाडीचा. न्यू जर्सीतल्या ब्रिजटन गावी लिऑन कॅसिडी आणि मार्विन रेम्फर यांना आपल्या उद्यानात पाण्यातून नावा नेणारी अंधारी सफर हवी होती, पण तेवढा पैसा नव्हता. म्हणून १९२८ साली त्यांनी एकाच रुळावरून धावणारी विजेची गाडी काळोख्या खोलीत सोडली. रुळाला इतकी वळणे दिली की लहानशी जागा लांबलचक वाटावी. एक प्रवासी म्हणे उतरताना म्हणाला, “मला पार प्रेट्झेलसारखा पिळून काढला!” प्रेट्झेल म्हणजे पीळ घातलेला खारा पाव. सफरीला तेच नाव पडले. प्रवाशाने मात्र करायचे काहीच नव्हते. बघायचे आणि दचकायचे.

दुसरा खेळ नेमबाजीचा. अमेरिकेतल्या जत्रांतून खऱ्या .२२ च्या रायफलींनी लोखंडी बदके पाडत. १९३६ साली शिकागोच्या सीबर्ग कंपनीने ‘रे-ओ-लाइट’ हे यंत्र आणले आणि गोळीची जागा प्रकाशाने घेतली. बंदुकीतून झोत निघे, सरकत्या बदकात बसवलेल्या प्रकाशविद्युत घटावर तो पडला की विद्युतप्रवाह वाहून बदक कोसळे. विशिष्ट धातूंवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हा तो परिणाम. हर्ट्‌झला तो १८८७ साली दिसला, १९०५ साली आइन्स्टाइनने त्याची उपपत्ती दिली. बोलपटाच्या फितीच्या कडेवरचा ध्वनिपट्टा वाचण्याचे कामही प्रकाशविद्युत घटच करी. बदक आणि बोलपट यांचे यंत्र असे एकाच कुळातले!

पण या बदकाला प्रकाश कळे, प्रकाश कोणाचा हे कळत नसे. कोणी विजेरी मारली तरी ते मरणारच.

यापुढचे पाऊल करमणुकीसाठी पडले नाही. १९५०च्या सुमारास एम.आय.टी.मध्ये ‘व्हर्लविंड’ संगणकासाठी एक वेगळीच बंदूक तयार झाली. तिच्यातून काहीच सुटत नव्हते. नळीत प्रकाश टिपणारा संवेदक होता. म्हणजे बंदूक नव्हे, तो डोळाच. १९५८ पासून अमेरिकेच्या ‘सेज’ या हवाई संरक्षण यंत्रणेत सैनिक अशा बंदुका रडारच्या पडद्यावरील ठिपक्यांवर रोखून बसत. पडद्यावरचे ठिपके इलेक्ट्रॉनांचा झोत एकामागून एक उमटवतो आणि उमटण्याच्या क्षणी प्रत्येक ठिपका सर्वांत तेजस्वी असतो. बंदुकीला लखलखाट दिसला त्या क्षणी आपण कोणता ठिपका काढत होतो, हे संगणकाला ठाऊक असते. ‘कुठे?’ या प्रश्नाचे उत्तर ‘केव्हा?’ विचारून मिळवायचे, ही कल्पना मला या साऱ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते. आणि तो ठिपका प्रवासी विमान आहे की बॉम्बफेके, यावर पुढचे सगळे अवलंबून होते. शेजारचा ठिपका निवडला जाऊन चालणार नव्हते.

हाच डोळा १९८५ साली निन्टेन्डोच्या ‘झॅपर’ या खेळण्यातून अमेरिकन घरांत शिरला. चाप ओढताच दूरचित्रवाणीचा पडदा क्षणभर संपूर्ण काळा होई, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. दोन बदके असली तर चौकोन पाठोपाठच्या दोन चित्रांत, म्हणजे एकषष्ठांश सेकंदाच्या अंतराने, येत. ‘केव्हा?’ हाच प्रश्न पुन्हा. आधीचा काळा पडदा कशासाठी? दिव्यावर नेम धरून गुण लाटणाऱ्यांसाठी! काळ्या पडद्यावेळीही प्रकाश दिसत असेल तर तो बदकाचा नव्हे. प्रयोगशाळेत आपण आधी कोरे वाचन घेतो, तेच हे. आजच्या सपाट पडद्यांवर झॅपर चालत नाही. ते चित्र काही सहस्रांश सेकंद उशिरा दाखवतात आणि तोवर यंत्राने ‘चुकला’ असा निकाल दिलेला असतो.

अंधाऱ्या सफरीत पडद्याऐवजी पुतळे असतात, म्हणून तिथे ही युक्ती लागू पडत नाही. तिथे कामी येते ती घरातल्या रिमोटची रीत. रिमोटचा अवरक्त दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणून खोलीतल्या इतर प्रकाशातून तो वेगळा ओळखता येतो. आणि कोणते बटण दाबले हे लुकलुकण्याच्या तुकड्यांच्या लांबीवरून कळते. (रिमोटचा दिवा अनेक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतो. वर्गात जरूर दाखवा.) प्रत्येक बंदुकीला असा वेगळा संकेत दिला की शेजाऱ्याशी भांडण मिटले. शिवाय उन्हात भरपूर अवरक्त किरण असतात. त्यात एवढासा संकेत हरवून जाईल. अंधार आणला होता माणसांना दचकवायला, तो संवेदकांच्याही पथ्यावर पडला.

एक गोष्ट मात्र या खेळाने हिरावून घेतली. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स उद्यानात १९९२ पासून एक भुताचे घर होते. २००३ साली त्यात बंदुका आल्या, भुतांमध्ये चमकणारी लक्ष्ये बसली आणि सफरीचे नाव झाले ‘ड्युएल’. नेम धरणारा माणूस लक्ष्याचा दिवा शोधतो. भूत त्याच्या नजरेच्या कडेला राहते, आणि कडेला राहिलेल्या भुताला कोण भिणार? २०२२ साली ती बंद झाली. २०२३ साली त्याच इमारतीत ‘द कर्स ॲट आल्टन मॅनर’ सुरू झाली. तिच्यात बंदुका नाहीत. प्रवासी पुन्हा नुसते बघतात आणि दचकतात.