भिंतीतलं ईथर

ईथर नावाची वस्तू जगात नाही. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटायचं, आवाजाला जशी हवा लागते तसं प्रकाशालाही वाहायला काहीतरी लागत असणार. त्या न दिसणाऱ्या गोष्टीला त्यांनी ईथर म्हटलं. १८८७ साली मायकेल्सन आणि मॉर्ली यांनी तिचा माग काढायला प्रयोग केला, तर हाती काहीच लागलं नाही. तरी आज ऑफिसच्या भिंतीत जो छोटा चौकोनी सॉकेट असतो आणि ज्यात वायरीची पिन 'टक' करून बसते, त्याला आपण इथरनेटच म्हणतो.

हे नाव रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या एका टिपणात वापरलं. ते तेव्हा झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या 'पार्क' या संशोधन केंद्रात होते आणि एका इमारतीतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे होते. गंमत अशी की कल्पना त्यांनी घेतली वायरलेसवरून! हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये रेडिओने कॉम्प्युटर जोडले होते. नियम साधा होता. सगळ्यांनी एकाच लहरीवर बोलायचं, दोघांचं बोलणं आदळलं तर थोडं थांबून पुन्हा बोलायचं. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तोच नियम केबलमध्ये बसवला आणि 'बोलण्याआधी ऐका' अशी भर घातली. (आपल्या ग्रामसभांना ही भर अजून मिळायची आहे.) निरोप केबलमधून जावा की हवेतून, नियमाला फरक पडत नव्हता, म्हणून नाव ईथर. वायफाय की वायर, हा वाद घालणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ही दोघं भावंडं आहेत.

पण सुरुवातीच्या काळातली ती केबल म्हणजे ताप होता. बोटाएवढी जाड आणि सगळ्या मशिनांना मिळून एकच. नवं मशीन जोडायचं तर केबलच्या पोटात सुई खुपसायची. एका जागी तुटली की सगळेच ठप्प. असलं काही घराच्या भिंतीत कोण घेणार?

सुटका केली टेलिफोनने. इमारतींमधून फोनच्या पीळ घातलेल्या तारा आधीपासूनच फिरत होत्या. पीळ घालायची युक्ती खुद्द ग्रॅहम बेल यांची, १८८१ च्या पेटंटमधली. दोन तारा एकमेकींभोवती वळल्या की बाहेरचा विजेचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक मोजतं, त्यामुळे गोंगाट गळून जातो. १९९० मध्ये अशा तारांवर इथरनेट चालवायचं मानक आलं आणि प्रत्येक खोलीतून एक वायर मधल्या पेटीपर्यंत नेण्याची रीत रुळली. एक तुटली तर एकच खोली बंद. आजच्या कॅट-६ वायरीत अशा चार जोड्या असतात. चौघींचा पीळ कमी-जास्त ठेवतात, म्हणजे एकीचं बोलणं दुसरीत मिसळत नाही.

आपल्या भागाने वायरीचं स्वप्न पाहिलं ते १९९८ च्या सुमारास. कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यातल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प निघाला. कारखान्याला ऊस घालणाऱ्याला गावातल्याच कॉम्प्युटरवर उसाचं वजन आणि हिशेब कळावा, हा त्यातला एक मोठा भाग. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी ७ गावांत त्या कॉम्प्युटरच्या जागी मोबाइलचे एसएमएस वापरून पाहिले. प्रयोगाचं नाव 'वारणा अनवायर्ड'. खर्च कमी, शेतकरीही खूश. वजनाचा आकडा कळायला एसएमएस पुरतो. आठ तास व्हिडिओ कॉलवर बसणाऱ्याला मात्र तो काय कामाचा?

कवठे महांकाळच्या आमच्या जुन्या घरात प्रश्न हाच होता. इंटरनेट सोप्यापर्यंत येतं. पुढे पांढऱ्या मातीची दोन फूट रुंद भिंत. ती उन्हाळ्यात घर गार ठेवते आणि वायफायही अडवते. ताई मागच्या खोलीत बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करते. कॉल तुटायला लागले तशी पुण्याला या, अशी मेल आली. ताई गेली तर घरात आत्या एकटी. तरी भिंतीला ड्रिल लावायला आत्याचीच ना. "भिताडाला भोक पाडलंस तर जल्मभर माती गळंल," ती म्हणाली. तिचं खरं होतं. मातीच्या भिंतीतलं भोक पडल्या आकाराचं राहत नाही.

म्हणून भिंत सोडली. दाराच्या चौकटीवरून, तुळईच्या कडेने प्लास्टिकची पट्टी नेली, विजेच्या वायरीपासून वीतभर लांब. वायर घेताना टोक खरवडून पाहिलं, कारण स्वस्तातल्या वायरीत आत ॲल्युमिनियम असतं आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवला आणि सॉकेटजवळ पीळ अगदी गरजेपुरताच उसवला. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला १८ पुरले.

पट्टीत जागा होती म्हणून दुसरी वायरही ओढून ठेवली. ही कशाला, असं आत्याने दोनदा विचारलं. आता रात्री ताईचं काम उरकलं की त्या सॉकेटवर आत्याची मालिका चालते.