हंटरवालीची बेटी आणि बिलीचा भाऊ

'सीक्वेल' हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी ती वस्तू आपल्याकडे आलेली होती. 1935 साली 'हंटरवाली' आला आणि 1943 साली 'हंटरवाली की बेटी'. सिनेमावाले आजही चालत्या नावाला '2' चिकटवून मोकळे होतात, तेव्हा मला या मुलीची आठवण होते. निदान तिला स्वतःचं नातं तरी होतं!

आमच्या पेठेतल्या घरात 'स्टंटपट' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरत. सिनेमा म्हणजे प्रभातचा. प्रभात कंपनी 1933 मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि 1936 मध्ये 'संत तुकाराम' आला. तेव्हापासून पुणेकर मध्यमवर्गाला सिनेमाला जायचा जणू परवानाच मिळाला. त्याच वर्षीच्या 'अमर ज्योती'त दुर्गाबाई खोटे समुद्रावर लुटालूट करणारी सौदामिनी झाल्या होत्या, तलवार घेऊन. ते चाललं. पण मुंबईत एक गोरी बाई चाबूक घेऊन पुरुषांना बडवते, हे मात्र पिटातल्या लोकांसाठी. आमच्या आजीच्या पिढीचा हा हिशेब मला कधी नीट उलगडला नाही. असो.

ती गोरी बाई म्हणजे नादिया. मूळ नाव मेरी अॅन इव्हान्स, जन्म 1908 चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश सैन्यात होते, ते पहिल्या महायुद्धात गेले. लहानपणीची काही वर्षं पेशावरकडे गेली, तिथे घोड्यावर बसणं आणि बंदूक चालवणं आलं. मग मुंबईत दुकानात विक्रेतीची नोकरी, नाच शिकणं, सर्कस, असं करत करत ती जे.बी.एच. वाडिया आणि होमी वाडिया या दोघा भावांच्या 'वाडिया मूव्हीटोन'मध्ये पोहोचली. वाडिया म्हणजे जहाजं बांधणारं जुनं पारशी घराणं. जे.बी.एच. डग्लस फेअरबँक्सच्या चित्रपटांचे भक्त. बुरखा घालून गरिबांचा कैवार घेणारा तो वीर त्यांनी आपल्या मातीत आणला आणि त्याची बाई केली.

'हंटरवाली'ची गोष्ट साधी आहे. दुष्ट वजीर राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरी चेहरा झाकून, चाबूक घेऊन, जुलमी लोकांना धडा शिकवत फिरते. सुमारे 80,000 रुपये आणि सहा महिने खर्ची पडले, आणि चित्रपट तयार झाल्यावर वितरक पुढे येईनात! शेवटी वाडियांनी आपल्या भागीदाराच्या मदतीने तो स्वतःच ग्रँट रोडच्या सुपर सिनेमात लावला. तो 25 आठवड्यांच्या वर चालला. नादियाच्या नावाचे चाबूक, पट्टे, काड्यापेट्या बाजारात आल्या, त्याही कोणी तिला न विचारता काढलेल्या. तिची ती 'हे-य' अशी आरोळी पोरं गल्लोगल्ली मारत.

एवढं यश मिळाल्यावर दुसरा भाग लगेच यायला हवा होता, नाही का? पण आला नाही. आठ वर्षं आला नाही. मधल्या काळात नादियाने 'मिस फ्रंटियर मेल', 'पंजाब मेल', 'डायमंड क्वीन' असे धडाधड चित्रपट केले, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामाऱ्या केल्या, पण हंटरवालीचं नाव कोणी खर्चायला काढलं नाही.

ते काढलं गेलं घर फुटल्यावर. जे.बी.एच. हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे. त्यांना गंभीर, प्रतिष्ठेचे चित्रपट काढायचे होते. 1941 मध्ये त्यांनी 'राजनर्तकी' काढला, त्याची इंग्रजी आवृत्तीसुद्धा केली. होमींना स्टंटपटांतच रस होता. भाऊ वेगळे झाले. परळचा स्टुडिओ 1942 मध्ये गेला आणि तो घेतला कोणी? तर नुकतेच प्रभात सोडून पुण्याहून गेलेल्या व्ही. शांताराम यांनी. तिथेच 'राजकमल कलामंदिर' उभं राहिलं. म्हणजे पाहा, ज्या आवारात चाबूक कडाडला तिथेच 1943 मध्ये शांतारामबापूंची 'शकुंतला' आली आणि मुंबईत 104 आठवडे चालली. आमच्या आजीला हा पत्ता ठाऊक असता तर काय म्हणाली असती कोण जाणे.

होमींनी 1942 मध्ये 'बसंत पिक्चर्स' काढली. जुना स्टुडिओ हातचा गेलेला. त्यात दुसरं महायुद्ध, कच्च्या फिल्मची टंचाई. सरकारने चित्रपटाच्या लांबीवर 11,000 फुटांची मर्यादा घातली होती, मग फिल्म मिळवायलाच परवाना लागू लागला. अशा वेळी माणूस घरातलं सोनं मोडतो. होमींकडे सोनं एकच होतं, ते नाव. आणि ती बाई.

'हंटरवाली की बेटी' हा पहिल्याच्या तोडीचा चित्रपट म्हणून कोणी सांगत नाही. नवलाई संपली होती, साच्यातलीच गोष्ट होती. नायिका नादियाच, वय पस्तीस. पण तो चालला. होमींची कंपनी टिकली, पुढे 1947 मध्ये चेंबूरला बसंत स्टुडिओ झाला. सेटवरचे सुतार, घोड्यांची देखभाल करणारे, मार खाऊन दिवसाचे पैसे नेणारे फायटर, अशा लोकांची चूल या 'बेटी'ने पेटवली. तिला फालतू म्हणणं मला जड जातं.

आता दुसरी गोष्ट. सत्तरीच्या दशकात मी शाळेत शिकवत होते तेव्हा ब्रूस लीची साथ आली. सातवी-आठवीची पोरं दोन दांडके आणि सायकलच्या चेनचा तुकडा जोडून 'नानचाकू' करत आणि माझ्या टेबलाच्या खणात असे चार-पाच तरी जमा असत. गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले. ब्रूस ली 20 जुलै 1973 ला गेला, बत्तिसाव्या वर्षी. 'एंटर द ड्रॅगन' त्याच्यामागे आला. 1972 मध्ये 'गेम ऑफ डेथ'ची काही दृश्यं तो चित्रित करून ठेवून गेला होता. मजल्यामजल्यावर एकेक प्रतिस्पर्धी असलेला मनोरा, ही कल्पना त्याची. त्यांत बास्केटबॉलचा सात फूट दोन इंची करीम अब्दुल जब्बारही होता.

1978 मध्ये त्या तुकड्यांभोवती एक चित्रपट बेतला गेला. ब्रूस लीचं खरं काम त्यात जेमतेम अकरा-बारा मिनिटं. उरलेल्या वेळी काळे चष्मे आणि दाढ्या लावलेले तोतये. एका दृश्यात तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचं कात्रण चिकटवलेलं स्पष्ट दिसतं. आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची फिल्म कथेत घुसडली आहे. मला तिथे पोटात कालवलं. तिथे रडणारी माणसं अभिनय करत नव्हती.

एवढ्यावरही भागलं नाही. 1981 मध्ये 'गेम ऑफ डेथ 2' आला. यात ब्रूस लीचे जुन्या चित्रपटांतले कापलेले तुकडे, त्याच्या लहानपणच्या चित्रपटांतलं थोडं काही, बाकी पाठमोरा तोतया. इंग्रजी आवृत्तीत त्याचं नाव बिली लो. मित्राच्या अंत्यविधीला हेलिकॉप्टर येऊन शवपेटी उचलून नेतं, बिली पेटीला लटकतो आणि पडून मरतो. चित्रपट अर्धा राहिलेला! मग काय करायचं? भाऊ काढायचा. बॉबी लो. तो बदला घ्यायला निघतो आणि मनोरा शोधतो, तर तो जमिनीत खाली खाली गेलेला. या उलट्या मनोऱ्याला मी मनात 'विहीर' म्हणते.

होमींनी बेटी काढली, हाँगकाँगवाल्यांनी भाऊ. दोन्हीकडे नाव चालवायला वारस हवा होता. फरक असा की बेटीचं काम करणारी बाई स्वतः घोड्यावर बसत होती, स्वतः उड्या मारत होती, आणि कंपनी ज्याची त्याच्याशी तिचं आयुष्य बांधलेलं होतं. होमींच्या आईच्या विरोधामुळे त्यांचं लग्न थेट 1961 मध्ये झालं. 1968 च्या 'खिलाडी'त ती साठीची असताना पुन्हा पडद्यावर आली. 9 जानेवारी 1996 ला गेली, अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता.

आणि त्या तोतयाचं काय? त्याचं नाव किम ताय-चुंग, कोरियाचा. पोरगा मेहनती होता, लाथा चांगल्या मारायचा. 'गेम ऑफ डेथ 2'च्या दुसऱ्या अर्ध्या भागात, बॉबी म्हणून, त्याला अखेर स्वतःच्या चेहऱ्याने उभं राहायला मिळालं. मला त्या चित्रपटात बघण्यासारखं तेवढंच वाटलं. पुढे 'नो रिट्रीट, नो सरेंडर' या चित्रपटात त्याला पुन्हा काम मिळालं. ब्रूस लीच्या भुताचं.