घटस्फोट आणि स्त्रीची मालकी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क आणि मालमत्तेवरील स्त्रीची पूर्ण मालकी एकत्र होती. मालकीवाचून मिळालेली मुक्ती स्त्रीला उघड्यावर आणते, असे आम्हांस वाटते. बिल रखडले, 1951 साली बाबासाहेबांनी दिलेल्या राजीनाम्यामागील ते एक प्रमुख कारण होते.

पुढे बिलाचे तुकडे होऊन निरनिराळे कायदे झाले. 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या 27 व्या कलमाने न्यायालय विवाहप्रसंगी मिळालेल्या सामाईक वस्तूंची व्यवस्था लावते. परंतु पतीच्या नावावरील घरात पत्नीला आपोआप वाटा मिळत नाही. गोव्यात मात्र, विवाहापूर्वी वेगळा करार नसल्यास, पोर्तुगीजकालीन नागरी कायद्याने सामाईक मालमत्तेत उभयतांचा निम्मा हिस्सा ठरतो.

स्त्रीधन पत्नीचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले. ते परत मिळविण्यास वकील हवा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे 12 वे कलम, उत्पन्न कितीही असो, स्त्रीस मोफत विधी साहाय्यास पात्र ठरविते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. आपल्या भगिनींपर्यंत ही माहिती पोहोचविणे आम्ही कर्तव्य मानतो.