मुळशीतील हिवाळी डोंगरभटकंती

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात बर्फ पडत नाही. तरीही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच इथल्या भटकंतीचा खरा हंगाम. घनगड, कोरीगड, कैलासगड हे किल्ले, तैलबैलच्या जोडभिंती आणि तिथून कोकणात उतरणाऱ्या सवाष्णी व वाघजाई घाटांच्या जुन्या वाटा या काळात मोकळ्या, कोरड्या मिळतात.

थंडी माथ्यापेक्षा खोऱ्यात अधिक बोचते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते आणि गार, जड हवा उतारावरून खाली साचते. म्हणून पहाटे मुळशी जलाशयावर दाट धुके असते, त्याच वेळी गडमाथ्यावर स्वच्छ ऊन. उघड्यावरचा तंबू दवाने निथळतो. पांघरूण कोरडे राखणे महत्त्वाचे.

खरा धोका घसाऱ्याचा. पावसाळ्यात पाय धरून ठेवणारी माती वाळून सुटी होते, पिवळे गवत आडवे पडते आणि त्याखालचा मुरूम दिसत नाही. चढताना सोपी वाटलेली वाट उतरताना दगा देते. तिथे घाई करणे निव्वळ अविचार होय. तैलबैलच्या भिंती तर दोर आणि जाणकार सोबती यांच्याशिवाय चढू नयेत. कड्यांवरील आग्या मोहोळे धूर, उग्र वास व गोंगाटाने उठतात.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. रानात त्याआधीच अंधारते. वाळल्या गवतात ठिणगीनेही वणवा लागतो, त्यामुळे शेकोटी टाळावी.